गुरुवारची होडी

"होडी एकच आहे आणि ती मी आठ दिवसांपूर्वी सांगून ठेवलीय. तुमच्याकडे लेखी काही आहे? नसेल तर विषय संपला."

हर्णैच्या धक्क्यावर, ओल्या दोरांच्या आणि वाळत घातलेल्या मासळीच्या वासात, आम्रपाली ओव्हाळनं हे ठणकावून सांगितलं आणि समोरचा उंच, सावळा तरुण एकदम गप्प झाला. गप्प झाला म्हणजे हरला, असं तिला वाटलं. पण तो हरल्यासारखा दिसेना. मान जराशी तिरकी करून तो तिच्याकडे बघत होता, लांब कुठेतरी ओळखीचं गाणं लागलं की माणूस थबकतो तसा.

"तुम्ही... ओव्हाळ मॅडम?" तो म्हणाला.

आता गप्प व्हायची पाळी तिची होती. हा आवाज गेले चौदा महिने जवळजवळ रोज तिच्या कानात होता. चेहरा मात्र ती आज पहिल्यांदा बघत होती.

"ढगे?" ती म्हणाली, आणि उगाचच ओढणी सारखी केली.

गोष्ट तशी सरळ होती. आम्रपाली चाकणजवळ महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. बाहेरून आलेला माल तपासायचा, बरोबर निघाला तर हिरवं लेबल, नाही निघाला तर लाल, आणि खाली आपली सही. ज्ञानेश ढगे कुरुळीच्या एका वर्कशॉपात सुपरवायझर. त्याच्याकडून पत्र्याच्या ब्रॅकेट यायच्या आणि पहिल्याच खेपेला तिनं त्या सगळ्या लाल लेबल लावून परत पाठवल्या होत्या, कडेला बारीक कुसळं राहिली होती म्हणून. तो फोनवर तावातावानं भांडला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, झालं असेल तर सांगा, पत्रा कापायच्या डायला धार शेवटची कधी लावली होती? त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावरही ती दीड तास फोनवर थांबली, दोष सापडेपर्यंत. खरं तर थांबायचं तिला काही कारण नव्हतं.

दोन्ही कंपन्यांच्या मधे मोटारसायकलनं वीस मिनिटं. पण माल टेम्पो पोचवायचा आणि भांडण फोन, त्यामुळे भेटायचं निमित्त कधी पडलंच नाही. आधी फोन फक्त मालाबद्दल असायचे. मग मालाचं बोलून झाल्यावर तो विचारायचा, तिकडे पाऊस आहे का? वीस मिनिटांच्या अंतरावर तिकडचा पाऊस वेगळा तो कसला असणार. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि तरी ती अगदी गंभीरपणे खिडकीतून बघून उत्तर द्यायची.

"मॅडम, आज तुमच्यासाठी खास माल पाठवलाय," असं तो कधी म्हणायचा.

"खास असला तरी गेज लावून मोजणारच," ती म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर आपण हसतोय हे तिच्या लक्षात यायचं.

तर हा तो. आणि ही ती. आणि मधे कान खाजवत उभा असलेला होडीवाला रोहिदास.

रोहिदासचं म्हणणं असं, की त्याची काहीच चूक नव्हती. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. सगळी दुनिया रविवारी समुद्रावर येते तेव्हा ही माणसं मशीनवर असतात, आणि गुरुवारी किनारा ओस पडला की ही उगवतात.

"ताई, तुमचा फोन आला. चाकणहून, दोन माणसं, संध्याकाळी, होडीत दुसरं कोणी नको. तीन दिवसांनी ह्यांचा आला. चाकणहूनच, दोन माणसं, संध्याकाळी, दुसरं कोणी नको. मी म्हटलं, बाईंनी ठरवलंय, आता मालक पक्कं करतायत."

मालक म्हणजे नवरा, हे कळायला दोघांनाही एक क्षण लागला. ज्ञानेशनं समुद्राकडे बघितलं. आम्रपालीनं चपलेकडे बघितलं.

दुसरी होडी मोकळी नव्हती. पुढच्या आठवड्यात सगळ्या होड्या ओढून वर घ्यायच्या होत्या, त्या पावसाळा संपेपर्यंत उतरणार नव्हत्या. आम्रपालीनं मागे वळून बाबांकडे बघितलं. भिमाजी ओव्हाळ धक्क्याच्या टोकाला, पांढराशुभ्र सदरा घालून, हात मागे बांधून उभे होते आणि एवढं पाणी एकाच जागी कसं काय राहतं, अशा चेहऱ्यानं बघत होते. एप्रिलात ते निवृत्त झाले. पिंपरीतल्या फोर्जिंग कंपनीत, हॅमरशॉपात चौतीस वर्षं. लालभडक लोखंडावर टनाटनाचा हातोडा पडायचा त्या खात्यात. समुद्र बघायला पुढच्या वर्षी जाऊ, असं आधी ते बायकोला सांगत आले. ती गेल्यावर मुलीला सांगत आले. तोवर त्या हातोड्यानं त्यांचे कान पार खाल्ले होते.

त्या कानांवर आम्रपाली शिकली होती. ती हे कधी बोलून दाखवत नसे, पण एक दिवस विसरलीही नव्हती. म्हणून तर ही होडी. गर्दी नको, घाई नको, फक्त बाबा आणि समुद्र.

"आम्ही परत जातो," ज्ञानेश हळूच म्हणाला. "आई परभणीहून पहिल्यांदाच आलीय, पण... आम्ही इथूनच बघतो. तुम्ही जा."

त्याच्यामागे हिरवं लुगडं नेसलेली एक ठेंगणी बाई पदर डोक्यावरून घट्ट धरून उभी होती आणि पाण्याला मनातल्या मनात नमस्कार करत असावी, असे तिचे ओठ हलत होते. आम्रपालीनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चौघं मावतील ना, रोहिदासदादा?"

"मावतील की. घरचीच तर आहात," रोहिदास म्हणाला. त्याला अजूनही पटलेलं नव्हतं.

होडी निघाली. पाण्याचे तुषार चष्म्यावर उडतात म्हणून भिमाजी अगदी पुढच्या फळीवर, दर्याकडे पाठ आणि होडीकडे तोंड करून बसले आणि मान वळवून वळवून समुद्र बघू लागले. मधल्या फळीवर सुमनताई, म्हणजे ज्ञानेशची आई, आणि आम्रपाली. ज्ञानेश पुढे, भिमाजींच्या शेजारी. सुमनताई वाऱ्यामुळे तोंडावर पदर धरून भिमाजींशी दोन वाक्यं बोलून बघत होत्या. भिमाजी कानाला हात लावून "आँ?" म्हणाले. तिसऱ्या वेळी सुमनताईंनी नाद सोडला.

"त्यांना ऐकू येत नाही, मावशी," आम्रपाली म्हणाली. "माझ्या ओठांवरून तेवढं त्यांना कळतं. आईचंही कळायचं."

बाकी कोणाचं त्यांना कळत नाही, अशी तिची खात्री होती. नातेवाईक घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि बाबा "आँ?" करायचे. घरात बापलेकीचं निम्मं बोलणं हॅमरशॉपातल्या खुणांनी चाले. तिथे कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे, म्हणून माणसं हातांनी बोलत. मनगटावर दोन बोटं म्हणजे चहा. आडवा तळवा म्हणजे थांब. आणि मूठ तळव्यावर दोनदा टेकवून तळवा पुढे सरकवला की, माल बरोबर उतरलाय, पुढे जाऊ दे. तिचा डिप्लोमाचा निकाल लागला त्या दिवशी ते कॉलेजच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभे होते. तिनं गाड्यांच्या गर्दीतून कागद उंच धरून दाखवला आणि त्यांनी भर रस्त्यात ती खूण केली होती. कधी फार एकटं वाटलं की तिला ती खूण आठवायची.

"तुम्ही कंपनीत हाव व्हय?" सुमनताईंनी विचारलं. "म्हंजी त्या लाल चिठ्ठीवाल्या मॅडम का काय?"

ज्ञानेश एकदम खोकला.

"आई, ते पाणी बघ."

"पाणी कुठं पळून चाललंय? वरीस झालं ह्याच्या तोंडी दुसरं काही न्हाई. मॅडमनं माल परत पाठवला, मॅडमनं हिरवी लावली. ह्याच्या पाकिटात ती पयली लाल चिठ्ठी हाय अजून. मला वाटलं देवाबिवाची असंल."

आम्रपालीनं हात पुढे केला. ज्ञानेशनं पाकीट काढलं. घडीवर विरलेलं लेबल, तिच्या अक्षरात कुसळांबद्दलचा शेरा, खाली तिची सही. चौदा महिन्यांपूर्वीची.

"हे रेकॉर्डला लावायचं असतं, ढगे," ती म्हणाली. आवाज कडक ठेवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला.

"लावलंय की," तो म्हणाला. "माझ्या."

सुमनताई मात्र चौकशीच्या रस्त्याला लागल्या होत्या. गाव कुठलं, भावंडं किती, आणि मग सगळीकडे येतो तसा तो प्रश्न आला, की आडनावावरनं काही लक्षात येईना, तुम्ही कोणाचे? ज्ञानेशनं मान वळवली. आम्रपालीला हा प्रश्न नवा नव्हता आणि उत्तर देताना ती कधी अडखळतही नसे.

"आम्ही बौद्ध, मावशी."

"असं," सुमनताई म्हणाल्या आणि थोडा वेळ समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लगीन?"

"बघणं चाललंय. मुलगा बंगळूरला इंजिनिअर आहे. उद्या सकाळी आत्याला उत्तर द्यायचंय."

हे तिनं सुमनताईंना सांगितलं खरं, पण सांगितलं ज्ञानेशला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते तिनं बघितलं नाही, तरी तिला कळलं. मुलगा खरंच चांगला होता. त्याच्यात लाल लेबल लावण्यासारखं काहीच नव्हतं, तीच अडचण होती. बाबांनी फोटो बघून "चांगलं हाय" म्हटलं होतं, आणि चौतीस वर्षं कान देणाऱ्या माणसानं एक गोष्ट चांगली म्हटली तर तिला नाही कसं म्हणायचं, हे आम्रपालीला माहीत नव्हतं. कारण तरी काय सांगायचं? एक आवाज आहे म्हणून?

तेवढ्यात मोठी लाट आली. होडी वर उचलली गेली आणि धप्पकन खाली आपटली. सुमनताईंनी डोळे मिटले आणि हाताला लागलेलं पहिलं काय ते घट्ट धरलं. तो आम्रपालीचा हात होता. लाट गेली, पाणी सपाट झालं, तरी त्यांनी तो सोडला नाही.

भिमाजी मात्र खुशीत होते. त्यांनी होडीच्या लाकडावर पालथा हात ठेवला होता. "आमू, ह्याचं इंजिन हातात ऐकू येतंय बघ," ते सगळ्या दर्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मग ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी तोंडावरून फिरवलं आणि कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "लई उपकार झालं." आम्रपालीला रडू आलं, पण वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही.

सुवर्णदुर्गाला वळसा घालून होडी उघड्या समुद्राकडे वळणार होती. पुढे भार झालाय, दोघांनी मागे येऊन बसा, असं रोहिदासनं फर्मावलं. कोणी दोघांनी ते त्यानं मनाशी ठरवलेलंच होतं. सुमनताईंनी नाइलाजानं आम्रपालीचा हात सोडून होडीची कड धरली. मागच्या फळीवर ज्ञानेश बसला आणि त्याच्यासमोर, बाबांकडे पाठ करून, ती. शेजारी इंजिन धडधडत होतं. इथलं अक्षर पुढे जाणं शक्य नव्हतं.

किल्ल्याचा तट मागे सरला आणि मावळतीचा सगळा उजेड ज्ञानेशच्या तोंडावर आला. त्यानं डोळे बारीक केले. डाव्या भुवईवर एक बारीकशी जुनी खूण होती. फोनवर हे कळलं नसतं, असं तिच्या मनात आलं.

"उद्या काय उत्तर देणार?" त्यानं विचारलं.

"बाबांना पसंत आहे."

"मी बाबांचं नाही विचारलं, मॅडम."

ती पाण्याकडे बघत राहिली. होडीमागे फेसाची एक रेघ उमटत होती आणि पुसत होती.

"त्या दिवशी शेठ मला काढणार होता," ज्ञानेश म्हणाला. "पहिला माल परत आला त्या दिवशी. तुम्ही दीड तास फोनवर थांबला नसतात तर मी आज परभणीत असतो. मी त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. मुद्दाम नाही मानले... मानले असते तर ते प्रकरण तिथंच संपलं असतं. मला ते संपवायचं नव्हतं."

"ढगे..."

"एकदा बोलू द्या. मला तुम्ही आवडता. आवाजच होता तेव्हापासून. आज चेहरा बघितला, तो आवाजाला शोभणारा निघाला. मला तुमच्याशी लग्न करायचंय, आम्रपाली." नाव घेताना तो जरा थांबला, जड वस्तू जपून खाली ठेवावी तसा. "तुम्ही नाही म्हणालात तरी ब्रॅकेट वेळेवर येतील. त्याची काळजी नको."

तिला हसू आलं.

"फार उशिरा पाठवलंत," ती म्हणाली.

"उशिरा आलेला माल तुम्ही निदान तपासत तरी होतात."

"माझ्यासाठी बाबांनी कान दिलेत हो. आजवर काही मागितलं नाही. त्यांनी एकदा चांगलं म्हटलं, तर मी... कशी सांगू त्यांना?"

त्यानं मान हलवली, समजूतदारपणे, आणि तो समजूतदारपणाच तिला सहन होईना. होडी वळली. उजेड त्याच्या तोंडावरून सरकून पाण्यावर गेला आणि समोर हर्णैचा धक्का मोठा होऊ लागला. दोघं आपापल्या जागी परत आली. सुमनताईंनी लगेच पुन्हा आम्रपालीचा हात धरला.

धक्क्याजवळ रोहिदासनं इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की होडीच्या बुडाला पाणी चाटत होतं तेवढंच ऐकू येत होतं. त्या शांततेत भिमाजी म्हणाले, "आमू, त्या पोराचं मी सगळं वाचलं. तुझी पाठ व्हती माझ्याकडं. तू काय म्हणलीस?"

आम्रपालीला आधी काही समजलंच नाही. ज्ञानेशला समजलं, तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"बाबा," ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली, "तुम्हाला त्यांचे ओठ... वाचता आले?"

"चौतीस वरसं माझ्यापुढं हॅमरवर कधी बिहारी, कधी तेलुगू, कधी सातारकर. समद्यांचं वाचायचो. ह्यो तर सरळ मराठी बोलतो."

"मग आत्या बोलते तेव्हा कसं काही कळत नाही?"

"तुझ्या आत्याचं न वाचलेलंच बरं असतंय," भिमाजी म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज जरा उतरला. "त्या बंगळूरच्या पोराला मी चांगलं म्हणलो, व्हय. तू गप बसलीस, मला वाटलं तुझ्या मनात हाय. चार दिस झालं मी तुझ्या तोंडाकडं बघतोय. माझ्यापुढं तू ओठच हलवलं न्हाईस, पोरी, तर मी वाचू काय?"

सुमनताई एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. काय वाचलं, असं त्यांनी मुलाला विचारलं. ज्ञानेशनं खाली बघत दोन वाक्यांत सांगितलं. आपल्या मांडीवरच्या आम्रपालीच्या हाताकडे सुमनताईंनी बघितलं, जणू तो तिथे कसा आला हे त्यांना आत्ता कळत होतं.

"खोटं कशाला बोलू बाई," त्या म्हणाल्या. "माझं मन एकदम तयार व्हायचं न्हाई. गावाकडं बी लोकं बोलतील. येळ लागंल मला." मग त्यांनी दुसरा हात त्या हातावर ठेवला. "पण एवढ्या पाण्यात ह्यो हात धरून बसले मी. आता सोडावा वाटंना."

आम्रपालीनं तो हात हलकेच दाबला. तिला त्या क्षणी सगळ्यांचे आभार मानायचे होते. सुमनताईंचे, त्या लाटेचे, गुरुवारच्या सुट्टीचे, दोन फोन एका घरचे समजणाऱ्या रोहिदासचे, आणि कोणाचंही ऐकू न येणाऱ्या, पण सगळं कळणाऱ्या ह्या माणसाचे. पण बाबा वाट बघत होते. काळोख पडू लागला होता आणि ओठ नीट दिसले नसते.

तिनं हळूच आपला हात सोडवून घेतला. उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर दोनदा टेकवली. आणि तळवा पुढे सरकवला.

भिमाजींचा चेहरा हलला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

"म्हणजे काय?" ज्ञानेशनं विचारलं. तो बिचारा तिच्या हातांकडे आणि बाबांकडे आळीपाळीनं बघत होता. "मॅडम... म्हणजे काय हो?"

भिमाजींनी ते त्याच्या ओठांवरून वाचलं, आणि आपल्या हॅमरशॉपातल्या आवाजात उत्तर दिलं. धक्क्यावरच्या माणसांनी माना वळवून बघितलं.

"पास झालास, पोरा."